तोंड हलतंय का बघ

आमच्या कन्हेरीच्या माणसाला कधीही विचारा, कसं काय चाललंय, तो म्हणणार, बरं हाय. दाढ ठणकत असो, पाय मुरगळलेला असो, घरातलं माणूस जाऊन महिनाही झालेला नसो, उत्तर तेच. विचारणाऱ्याच्या जिवाला घोर नको म्हणून आमच्याकडे असं म्हणतात. मी त्याच गावची लेक. त्या दोन शब्दांखाली काय काय झाकलेलं असतं ते मला नाही कळणार तर कुणाला कळणार, असं मला वाटायचं. आता वाटत नाही.

मी उत्कर्षा. माहेर कन्हेरी, सासर इंदापूर आणि नोकरी बारामतीतल्या एका खाजगी हॉस्पिटलात. सकाळी सहाची एसटी धरते, निमगाव केतकीच्या पुढे उसाच्या ट्रॅक्टरमागे अडकते आणि तरीही आठच्या ठोक्याला वॉर्डात हजर असते. सतरा वर्षं झाली ह्या कामाला, त्यातली शेवटची चार सर्जिकल वॉर्डची इन्चार्ज म्हणून. पेशंटला नुसतं बघून मला कळतं, असा हॉस्पिटलात माझा लौकिक होता. तो इतरांनी थोडा आणि मी स्वतः बराच पसरवला होता. नव्या आलेल्या सिस्टरांना पहिल्याच दिवशी ऐकवायचे, "चार्टकडे काय बघत बसता, माणसाकडे बघा. आकडा नंतर बदलतो, चेहरा आधी बदलतो." हे वाक्य काही चुकीचं नाही. ते बोलणारी बाई चुकली.

हे बघणं मला शिकवलं ते जोतीरामआबांनी. आमचं शेत आणि त्यांचं शेत एका बांधाला. तेव्हा त्यांच्याकडे पन्नासेक मेंढरं होती. मी आठ-नऊ वर्षांची असेन. शाळा सुटली की दप्तर घरात फेकून मी बांधावर पळायचे. आबा तिथे गुडघे छातीशी घेऊन, घोंगडं लपेटून, हनुवटी गुडघ्यांवर टेकून बसलेले असायचे. दाताखाली तंबाखू आणि नजर कळपावर. एकदा मी विचारलं, "आबा, एवढ्या मेंढरांत आजारी कोण हाय, ते तुमाला कसं कळतं?"

"आजारी मेंढरू मागं ऱ्हात न्हाय, पोरी," ते म्हणाले. "ते कळपात मधी घुसतं. कुणाला कळू नये म्हणून. उभं हाय, चालतंय, म्हंजे बरं हाय असं समजू नगं. तोंड हलतंय का बघ. रवंथ करायचं थांबलं की समज, आत काय तरी बिघाडलंय."

त्यानंतर मी कितीतरी संध्याकाळी मेंढरांची तोंडं बघण्यात घालवल्या. आई म्हणायची, हिला दुसरा उद्योग नाही. पण एकदा मी एक मेंढी बरोबर ओळखली. आबांनी तिच्या पोटावर हात फिरवला, माझ्याकडे बघितलं आणि सरळ आमच्या घरी येऊन माझ्या वडिलांना सांगितलं, "हिला डाक्टरीण करा." डॉक्टर व्हायला मार्क पुरले नाहीत, मी नर्सिंगला गेले. कॉलेजला निघाले त्या दिवशी माझी ट्रंक डोक्यावर घेऊन स्टँडपर्यंत आबाच आले होते.

ते आबा ह्या जानेवारीत, ऐन गाळपाच्या हंगामात, स्ट्रेचरवरून माझ्या वॉर्डात आले.

जांघेत हर्निया होता. किती वर्षांचा, कुणालाच माहीत नव्हतं. धोतराच्या आड त्यांनी तो झाकून ठेवला होता, बायकोला, सिंधूकाकीला सुद्धा पत्ता नाही. आता आतडं त्यात अडकलं होतं आणि दोन दिवस उलट्या अंगावर काढून झाल्यावर सोमेश्वरनगरहून मुलगा नागेश आला, तेव्हा कुठे त्यांना गाडीत घातलं. आमच्या सर्जन सरांनी पोट उघडलं तर वीतभर आतडं काळं पडलेलं. तेवढं कापून काढलं आणि दोन टोकं जोडली. बाहेर येऊन त्यांनी आम्हाला सांगितलं, पुढचे पाच-सहा दिवस तो जोड नाजूक आहे, डोळ्यांत तेल घालून बघा.

सिंधूकाकीने माझा चेहरा दोन्ही हातांत धरला. म्हणाली, "तू हाईस म्हणून मी निर्धास्त हाय."

खरं तर सहा नंबरची कॉट सोनमकडे येत होती. सोनम परभणीकडची, तिशीतली, चार महिन्यांपूर्वी आमच्याकडे लागलेली. कामाला चोख, बोलायला कमी. पण मी म्हणाले, सहा नंबर माझा. इन्चार्ज बाईने एकेक पेशंट घ्यायचा नसतो, तिने सगळ्यांवर लक्ष ठेवायचं असतं. तरी घेतला. आबांचं मी नाही करणार तर कोण करणार?

आतड्याचं ऑपरेशन झालं की आम्ही रोज सकाळी पेशंटला एक प्रश्न विचारतो, वारा सरला का. आतडं पुन्हा चालायला लागलं की नाही, ते त्यावरून समजतं. शहरातला माणूस सरळ उत्तर देतो. तिसऱ्या दिवशी मी आबांना विचारलं, तर त्यांनी तोंड खिडकीकडे फिरवलं, पांघरूण छातीपर्यंत ओढलं आणि म्हणाले, "व्हय, व्हय." गावच्या लेकीने म्हाताऱ्या माणसाला असलं विचारायचं नसतं आणि त्याने तिला त्याचं उत्तर द्यायचं नसतं. हे मला ठाऊक होतं. मलाही कानकोंडं झालं होतं, म्हणून मी पुन्हा विचारलं नाही. चार्टवर लिहिलं, होय.

त्याच्याच वरच्या ओळीत, आदल्या संध्याकाळी, सोनमच्या अक्षरात लिहिलेलं होतं, नाही.

"मॅडम, मला ते काल नाही म्हणाले होते," सोनम म्हणाली.

"काल नाही, आज होय. एवढ्या वेळात होतं सुरू."

सोनम त्यांची कुणी नव्हती. तिला ते खरं सांगू शकत होते. हे इतकं साधं आहे की आता लिहितानाही मला स्वतःचा राग येतो.

दुसरा एक प्रकार होता, तो आमच्या दोघांतला. रोज सकाळी मी कॉटपाशी गेले की आबा हळूच म्हणायचे, "उत्कर्षा, चिमूटभर दे की गं. नुसती दाताखाली धरतो." मी डोळे वटारायचे. म्हणायचे, "तंबाखू मागितली तर काकीला घरी धाडून दीन." ते हसायचे, टाका दुखायचा, मग पोट धरून हसायचे. दुसऱ्या दिवशी हेच, तिसऱ्या दिवशी हेच, चौथ्या दिवशी हेच. शेजारच्या पाच नंबरवरच्या माणसाला सुद्धा त्याची सवय झाली होती.

पाचव्या दिवशी मी आठला आले तर आबा बसलेले. गुडघे छातीशी, घोंगडं लपेटलेलं, हनुवटी गुडघ्यांवर. खिडकीतून ऊन आलं होतं. मी दारातच थांबले. हुबेहूब बांधावरचे आबा. माझे वडील जाऊन सहा वर्षं झाली, त्या काळातलं माझ्यासाठी आता तेवढंच एक माणूस उरलं होतं. मला खरंच भरून आलं.

"आबा सावरले बघ काकी," मी म्हणाले. काकी स्टुलावर बसली होती. ती माझ्याकडे बघून काही बोलली नाही.

"आबा, कसं हाय?"

"बरं हाय."

मी थोडी थांबले, ते तंबाखू मागतील म्हणून. त्यांनी मागितली नाही. मी हसून सोनमला म्हणाले, "आज हट्ट सोडला बघ आमच्या आबांनी."

सोनम हसली नाही. तिच्या हातात चार्ट होता. "मॅडम, नाडी एकशे बारा आहे. श्वास सव्वीस."

"आत्ता बाथरूमला जाऊन आले असतील चालत. भांडं घ्यायला लाजतात ते. नाडी वाढणारच."

"ताप नाही, पण मॅडम, त्यांचं हे बसणं मला बरं वाटत नाही. मी झोपवायला गेले तर झोपत नाहीत."

ताप नव्हता, कारण दुखण्यासाठी चालू असलेल्या इंजेक्शनने ताप झाकला जातो. हे मीच त्या मुलींना शिकवलं होतं. पण मी तिला काय म्हणाले? म्हणाले, "सोनम, ह्या माणसाला मी तीस वर्षं बघते आहे. ते असेच बसतात."

साडेनऊला सर राउंडला आले. त्यांची दोन ऑपरेशनं खोळंबली होती. सहा नंबरपाशी आले आणि त्यांनी आबांचं पोट बघायला हात पुढे केला. आबा तसेच गुडघे घेऊन बसलेले. झोपवायचं, घोंगडं काढायचं, धोतर सैल करायचं, आणि मी तिथेच उभी. आबांनी माझ्याकडे बघितलं. मला त्यांची लाज दिसली. तेवढीच दिसली.

"सर, आजच जरा निवांत बसलेत," मी म्हणाले. "आमच्या गावचे आहेत, मी ओळखते त्यांना. छान आहेत."

सरांचा हात मागे गेला. "तुम्ही म्हणताय म्हणजे ठीकच असणार," ते म्हणाले आणि सात नंबरकडे वळले.

अकराच्या सुमाराला मी डिस्चार्जच्या कागदांत मान खुपसून बसले होते. समोर दोन सिस्टर, एक मावशी आणि घरी जायला निघालेल्या पेशंटचे नातेवाईक. सोनम आली. "मॅडम, सहा नंबरची नाडी एकशे अठरा. सरांना कळवू का?"

सगळ्यांच्या देखत तिने दुसऱ्यांदा माझ्या पेशंटवर बोट ठेवलं, हे मला टोचलं. दुसरं काही नाही, तेवढंच. मी पेन खाली ठेवलं आणि माझं ते ठरलेलं वाक्य तिला पुन्हा ऐकवलं. चार्टकडे बघू नकोस, माणसाकडे बघ. बाकीच्या मुली गालात हसल्या. सोनम निघून गेली.

दीड वाजता मी डबा उघडला. सोनम माझ्याकडे आली नाही. तिने सरळ ऑपरेशन थिएटरला फोन लावला. मला ते मावशीकडून कळलं आणि मी तणतणत सहा नंबरपाशी गेले, तिला फैलावर घ्यायला. सोनमने आबांना आडवं केलं होतं. तिचा हात त्यांच्या पोटावर होता.

"मॅडम, बघा," ती म्हणाली.

मी हात ठेवला. पोट पाट्यासारखं कडक. ओठ वाळलेले, नाकपुड्या फुललेल्या. सोनमने घ्यायला लावलेल्या लघवीच्या भांड्यात सकाळपासूनचं जेमतेम अर्धा पेला, तेही गडद. मी त्यांचा हात हातात घेतला. तो कोपरापर्यंत गार पडला होता. ज्या हाताने माझी ट्रंक धरली होती तोच हात, आणि सकाळपासून मी त्याला एकदाही हात लावला नव्हता. नाडी काकीच्या समोर सोनमने मोजली, मी फक्त दारातून बघितलं आणि खूश झाले.

"आबा, कधीपासनं दुखतंय?"

"बरं हाय, पोरी," ते म्हणाले. श्वास पुरत नव्हता, एकेक शब्द सुटा येत होता. "तुझी... जेवायची येळ झाली न्हाय का?"

तीन वाजता त्यांना पुन्हा थिएटरमध्ये घेतलं. जोड सुटला होता. आतड्यातली सगळी घाण पोटात पसरली होती आणि विष रक्तात भिनलं होतं. सरांनी होण्यासारखं होतं तेवढं सगळं केलं. दोन दिवस आबा आयसीयूत मशीनवर होते. माझी ड्युटी संपली की मी काचेबाहेर जाऊन उभी राहायचे, आणि इंदापूरची एसटी चुकवून पुढची धरायचे. तिसऱ्या दिवशी सकाळी दहाला ते गेले.

त्या दिवशी मी सरांना गाठलं. ते हात धूत होते.

"सर, पाचव्या दिवशी नऊला कळलं असतं तर?"

"जोड सुटणं कुणाच्या हातात नसतं."

"मी ते नाही विचारलं."

त्यांनी नळ बंद केला. बराच वेळ हात पुसत राहिले. "पाच तास फार असतात, उत्कर्षा," ते म्हणाले. "आणि पोट मी बघायला हवं होतं, तुम्ही काहीही म्हणालात तरी." मला त्यांचे आभार मानावेसे वाटले. इतर सगळे मला सांगत होते की वय झालं होतं, उशिरा आणलं होतं, व्हायचं ते झालं.

एसटीत खिडकीची जागा मिळाली. निमगाव केतकीच्या अलीकडे ऊसतोडणीवाल्यांच्या कोप्या, पाचटाच्या झोपड्या, आहेत. गाड्या सोडून बैल बसले होते आणि डोळे अर्धवट मिटून रवंथ करत होते. मी सहज त्यांच्याकडे बघत होते आणि मग मला ते आठवलं. आबांनी तंबाखू मागितली नव्हती. चार दिवस रोज मागणाऱ्या माणसाने पाचव्या दिवशी मागितली नाही, आणि मी ते हसून सोनमला सांगितलं. आबांनी मला आयुष्यात एकच गोष्ट शिकवली होती. आजारी मेंढरासारखे ते माझ्या ओळखीच्या मधोमध जाऊन बसले होते, आणि मी म्हणाले, छान आहेत.

मला रडू आवरेना. कंडक्टर तिकिटांची पिशवी सावरत आला, म्हणाला, "म्याडम, काय झालं? बरं वाटत न्हाय का?" मी पदराने डोळे पुसले आणि म्हणाले, "काही नाही. बरं आहे."

सोनमशी बोलायला मला चार दिवस लागले. औषधांच्या कपाटाशी ती एकटी होती. मी म्हणाले, "तू बरोबर होतीस. मी ऐकायला हवं होतं." तिने माझ्याकडे बघितलं नाही. गोळ्यांची पाकिटं सारखी करत म्हणाली, "मॅडम, मी अकरालाच फोन करणार होते. हातात घेतला होता. मग वाटलं, तुम्ही सगळ्यांसमोर अजून बोलाल." तिने पाकिटं पुन्हा मोजायला घेतली. "मला तेच आठवतं सारखं. हातात घेतला होता आणि खाली ठेवला."

म्हणजे तीही ते घेऊन फिरत होती. माझ्या जिभेमुळे. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला.

तेरावा झाला, त्यानंतरच्या रविवारी मी कन्हेरीला गेले. सांगायचंच असं ठरवून गेले. सिंधूकाकीला खरं काय झालं ते ठाऊक नव्हतं. तिला ठाऊक होतं ते एवढंच, की उत्कर्षाने पाच दिवस आबांचं सगळं स्वतःच्या हाताने केलं. गावभर तिने तेच सांगितलं होतं. मी येताना वाटेत तीन बायांनी मला थांबवून म्हटलं होतं, "लई केलंस बाई तू." मी मान खाली घालून पुढे आले.

काकी ओसरीवर भिंतीला टेकून बसली होती. आबांचं घोंगडं घडी करून कोनाड्यात ठेवलेलं. नागेश कामावर गेला होता, सून मळ्यात. आम्ही दोघीच.

"ये गं," ती म्हणाली.

"कशी हाईस काकी?"

"बरं हाय."

तिने मान वळवली, खाली बघितलं आणि पदर ओढून घेतला. आबांनी खिडकीकडे तोंड फिरवलं होतं तसंच. महिन्यापूर्वीची मी असते तर तिथेच थांबले असते आणि माझं बोलायला सुरुवात केली असती. आता थांबले नाही. मी तिच्याकडे बघितलं. गळ्याची हाडं वर आलेली, चोळी दंडावर सैल, ओठांच्या कडा चिरलेल्या. मी तिच्या हाताच्या पाठीची कातडी चिमटीत धरून सोडली. कातडी तशीच उभी राहिली, खाली बसायला तिला वेळ लागला. अंगातलं पाणी कमी झालं की असं होतं.

"काकी, मी गावची लेक म्हणून न्हाय इचारत," मी म्हणाले. "दवाखान्यातली बाई म्हणून इचारते. जेवतीस का?"

 बाहेर उसाचा ट्रॅक्टर गेला.

"घास उतरत न्हाय," ती म्हणाली.

"कधीपासनं?"

"ते गेल्यापासनं. सुनंला दाखवायला ताटावर बसती. मग म्हशीला घालती."

मी तिचा हात हातात घेतला. त्यासरशी तिची जीभच सुटली जणू. ती रडली नाही, खाली बघत बोलत राहिली. "मला ठावं व्हतं, उत्कर्षा. आदल्या सांजंलाच त्यांनी मला सांगितलं व्हतं, पोटात आग पडलीया म्हणून. मी म्हणलं, उत्कर्षाला सांगती. तर म्हणलं, नगं. पोरीच्या हाताखाली हाय मी. तिला वाटंल, आपल्याच हातनं काय तरी कमी पडलं. चार माणसांत तिला खाली बघाय लागंल." काकीने ओठांवरून जीभ फिरवली. "आन मी गप बसली. सकाळी तू आलीस, हासलीस, म्हणलीस आबा सावरले. मी म्हणलं, हिला कळत असंल. आपून अडाणी, हिला कळत असंल. तोंडातनं एक शबुद काढला न्हाय मी."

मला सकाळचं ते स्टूल आठवलं. माझ्याकडे बघून काही न बोललेली काकी आठवली. तिलाही मी बघितलं होतं आणि तेही मला कळलं नव्हतं.

मग मी सांगितलं. सगळं सांगितलं. परभणीची एक सिस्टर मला दोनदा सांगायला आली आणि मी तिला गप्प केलं. डॉक्टरांनी पोट बघायला हात पुढे केला आणि माझ्या बोलण्यावर मागे घेतला. पाच तास गेले. काकी, त्या पाच तासांत आबा वाचले असते कदाचित. मी थांबले नाही, स्वतःसाठी एकही शब्द बोलले नाही. वाटलं होतं, सांगून झाल्यावर तिच्या पायांवर डोकं ठेवीन.

काकीने सगळं ऐकलं. तिचा हात अजून माझ्या हातात होता. तिने एकच विचारलं.

"म्हंजी मी सांगितलं असतं, तर तू ऐकलं असतंस का?"

ह्या प्रश्नावर मी तेव्हापासून पुष्कळ विचार केला आहे. पेशंटची बायको येऊन म्हणाली, काल संध्याकाळपासून पोटात आग पडली आहे, तर माझा हात आपोआप पोटाकडे जातो. सतरा वर्षांची सवय आहे ती. मला वाटतं, मी ऐकलं असतं. एखाद्या दिवशी वाटतं, मी म्हणाले असते, ऑपरेशन झालंय काकी, दुखणारच. पण जास्त दिवस मला पहिलंच वाटतं. ऐकलं असतं. पोटावर हात ठेवला असता आणि आठ वाजताच सरांना फोन केला असता.

मी खरं सांगायला आले होते. आणि माझ्या समोर तीनेक आठवडे घास न उतरलेली बाई होती.

"न्हाय काकी," मी म्हणाले. "मी ऐकलं नसतं."

"नक्की?"

"नक्की. कुणाचंच ऐकलं नसतं त्या दिवशी. तुझंबी न्हाय."

ती माझ्याकडे बघत राहिली. इतकी वर्षं ओळखते मी तिला, पण अशी नजर कधी बघितली नव्हती. मग तिने श्वास सोडला. खांदे खाली आले. आणि तिने माझ्या हातातून आपला हात काढून घेतला, हळू, एकेक बोट सोडवत.

भिंतीला धरून ती उठली. आत गेली. दुरडी उघडल्याचा आवाज आला, मग तांब्या ठेवल्याचा. मी उठून उंबऱ्यात उभी राहिले. चुलीपुढे माझ्याकडे पाठ करून ती बसली होती. तिने भाकरीचा तुकडा मोडला, पाण्यात बुडवला आणि तोंडात घातला. मला जेव म्हणाली नाही. कन्हेरीत लेकीला असं कुणी करत नाही.

मी तिथेच उभी राहून तिच्या गालाकडे बघत होते. पहिला घास तिने बराच वेळ तोंडात धरला. मग तोंड हलायला लागलं.